आतड्यातील आग, औषधाचा भाव आणि मुंबईचा टीबी

लग्नसराईचे दिवस होते. घाटकोपरच्या आमच्या दुकानात एकाच वेळी दोन घरांची खरेदी चालली होती आणि काउंटरवरचा मुलगा सूटिंगचा ताका अर्धा उलगडून पुन्हा नाहीसा झाला. दुपारपासूनची ही सहावी वेळ. तो परत आला तेव्हा मी गिऱ्हाइकांसमोरच त्याला बोललो, “सीझन आला की तुझे पोट बरे दुखते!” त्याने मान खाली घातली. गिऱ्हाईक गेल्यावर जवळ येऊन तो हळूच म्हणाला, “शेठ, रक्त पडते.” मी ऐकले आणि हिशेबाच्या वहीत डोके घातले.

या गोष्टीला काही वर्षे झाली. मुलगा तेव्हा तेवीस वर्षांचा, मुलुंडला आईबरोबर राहणारा, घरात कमावणारा एकटा. पुढे त्याचे वजन इतके उतरले की मापाची पँट अंगावर राहीना. घराजवळच्या डॉक्टरांनी आतड्याचा टीबी धरून सहा महिने औषध दिले. गुण आला नाही. दुर्बिणीने आतडे पुन्हा पाहिले, तुकडा काढून तपासला, तेव्हा निदान झाले ‘क्रोन्स डिसीज’चे. त्याच्या आईने कागद माझ्यापुढे ठेवून विचारले, “शेठ, हे टीबीपेक्षा वाईट का?” मला उत्तर देता आले नाही. तेव्हापासून जे वाचले, डॉक्टरांना विचारून समजून घेतले आणि औषधांच्या बाजारात पाहिले, ते आज व्यापारी बांधवांपुढे ठेवतो.

व्यापाराच्या पानावर पोटाचा रोग कशाला, असे कोणी विचारील. कारण असे की, या रोगावरची औषधे ही आजच्या जगातील मोठ्यात मोठ्या उलाढालीची जिन्नस आहे. तिचा भाव कसा चढला, आपल्या देशात तो कसा उतरला आणि भाव उतरूनही आपले नुकसान कोठे होते, हा हिशेबाचाच विषय आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. औषध पूर्वीपेक्षा स्वस्त झाले हे खरे. परंतु मुंबईत ते सुरू करण्यापूर्वी टीबीची तपासणी आणि सुरू केल्यावर तारखेची शिस्त, या दोन गोष्टी जोडल्याशिवाय सौदा पुरा होत नाही. यातील पहिली गोष्ट डॉक्टरांच्या हातात आहे. दुसरी बऱ्याच अंशी मालकाच्या हातात आहे.

रोग आहे तरी काय?

आतड्याच्या दीर्घकाळ चालणाऱ्या दाहाचे मुख्य प्रकार दोन. ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’ हा मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला होतो. वारंवार जुलाब होतात, रक्त व आव पडते. ‘क्रोन्स’ हा तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही होऊ शकतो. पण लहान आतडे जेथे मोठ्याला मिळते तेथे तो अधिक आढळतो. तो अस्तरावर थांबत नाही, भिंतीच्या आरपार जातो. त्यामुळे आतडे अरुंद होते, कधी त्याला भोक पडून भलत्याच जागी वाट फुटते. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर या तीन डॉक्टरांनी १९३२ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. तेव्हापासून क्रोन यांचे नाव रोगाला चिकटले. टीबीसारखा दिसणारा, पण टीबी नसलेला रोग, ही त्याची ओळख पहिल्यापासूनची आहे.

हा थंड देशातील साहेब लोकांचा रोग आहे, असे आपल्याकडे बरीच वर्षे समजले गेले. कापडवाल्यांना इंग्लंडमधील लेस्टर हे होजियरीचे गाव ठाऊक आहे. तेथील गिरण्या-कारखान्यांत गुजराती व पंजाबी कुटुंबे मोठ्या संख्येने कामाला लागली. १९९० च्या दशकाच्या आरंभी तेथे झालेल्या पाहणीत दिसले की, कोलायटिसचे प्रमाण या दक्षिण आशियाई लोकांत स्थानिक गोऱ्यांपेक्षाही अधिक आहे. म्हणजे आपले रक्त काही वेगळे नाही. राहणी, अन्न आणि पोटातील जंतूंची वस्ती बदलली की हा रोग आपल्यालाही सोडत नाही. आज अंधेरी-बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत पोटाच्या कोणत्याही मोठ्या डॉक्टरकडे याचे रुग्ण सापडतील, आणि त्यांत तरुण बरेच आहेत, नुकतेच कामाला लागलेले.

शिट्टी आणि पहारेकरी

शाळेत आम्ही सायन्स उर्दूतून शिकलो. जंतूला ‘जरासीम’ आणि टीबीला ‘तपेदिक’ म्हणत असू. जंतू आत शिरला की रोग, जंतू मेला की आराम, एवढाच आमचा धडा होता. या रोगात तो धडा पुरत नाही. येथे नुकसान बाहेरच्या चोराने कमी आणि घरच्या पहाऱ्याने जास्त होते.

मार्केटचे उदाहरण घेऊ. रात्री पहारेकऱ्याला चोराची चाहूल लागली की तो शिट्टी फुंकतो. दुसऱ्या गल्लीतला पहारेकरी ती ऐकून आपली शिट्टी फुंकतो. लोक काठ्या घेऊन धावतात. शरीरातही पेशी एकमेकींना अशाच शिट्ट्या देतात. या शिट्ट्या म्हणजे लहान लहान प्रथिने. शास्त्रज्ञ त्यांना ‘सायटोकाइन’ म्हणतात. एकीचे नाव टीएनएफ. बऱ्याचशांना नुसते क्रमांक आहेत. इंटरल्युकिन-१, ६, १२, १७, २३ असे. कोणती शिट्टी फौज बोलावते, कोणती रक्तवाहिनीची दारे सैल करते म्हणजे फौज आत यावी, कोणती ताप चढवते. आणि एक शिट्टी उलट कामाची आहे. इंटरल्युकिन-१० सांगते, “झाले, आता घरी जा.”

आपल्या आतड्यात अब्जावधी जंतू राहतात. त्यांतले बहुतेक भाडेकरू आहेत, चोर नव्हेत. निरोगी माणसात पहारेकरी त्यांना ओळखतो आणि गप्प राहतो. या रोगात ही ओळख बिघडते. भाडेकरू पाहूनही शिट्टी वाजते. फौज येते, अस्तराची मोडतोड करते. मोडलेल्या अस्तरातून जंतू आत घुसतात. ते पाहून आणखी शिट्ट्या वाजतात. चोर कधीच नव्हता, पण दुकानाचे शटर मात्र आपल्याच लोकांनी तोडलेले असते.

हे नुसते रूपक नाही. १९९३ मध्ये शास्त्रज्ञांनी इंटरल्युकिन-१० बनवू न शकणारे उंदीर तयार केले, तर त्यांची आतडी सुजून आली. २००९ मध्ये काही मुलांमध्ये, अगदी तान्हेपणी सुरू झालेल्या गंभीर रोगामागे हेच कारण सापडले. त्यांच्या पेशींना ‘घरी जा’ ही शिट्टी ऐकूच येत नव्हती. तिचा कान जन्मतःच सदोष होता. तसेच २००६ मध्ये इंटरल्युकिन-२३ ऐकणाऱ्या जीनमधील फरकाचा क्रोन्सशी संबंध दिसला. रोग का होतो याचे संपूर्ण उत्तर अद्याप मिळालेले नाही. पण आग कोण पसरवतो हे बऱ्यापैकी कळले आहे.

स्टेरॉइड हे या रोगावरचे जुने औषध. ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी १९५५ मध्ये कोलायटिसवर त्याचा उपयोग पद्धतशीर चाचणीने सिद्ध केला. ते साऱ्या शिट्ट्या एकदम बंद करते, म्हणून गुण झटपट येतो. पण महिनोन्‌महिने घेतले तर चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात आणि रोग मुळापासून आवरला जात नाही. आपल्याकडे जुनी चिठ्ठी दाखवून तीच गोळी पुन:पुन्हा आणणारे लोक थोडे नाहीत. ही उधारी आहे, आणि तिचे व्याज फार जबर असते.

शिट्टीपासून बाजारापर्यंत

टीएनएफ हे नाव १९७५ चे. उंदरांतील गाठी मारणारा पदार्थ म्हणून न्यूयॉर्कच्या संशोधकांनी ते दिले. कॅन्सरचे औषध होईल अशी आशा होती. १९८५ मध्ये दुसऱ्या संशोधकांना कळले की, दीर्घ आजारात शरीर झिजवणारा म्हणून ते ज्याचा शोध घेत होते तो पदार्थ टीएनएफच आहे. मग उलटा विचार सुरू झाला: हे देण्यापेक्षा हे अडवले तर? न्यूयॉर्क विद्यापीठातील यान विल्चेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टीएनएफला पकडणारी अँटिबॉडी एका कंपनीसोबत तयार केली. तिचे नाव पुढे इन्फ्लिक्सिमॅब पडले.

१९९३ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या डॉक्टरांनी हे औषध क्रोन्सने हैराण झालेल्या एका लहान मुलीला दिल्याचे आणि तिला आराम पडल्याचे प्रसिद्ध केले. १९९७ च्या चाचणीत, एकदाच सलाइनमधून योग्य मात्रा दिलेल्या रुग्णांपैकी ८१ टक्क्यांना चार आठवड्यांत गुण आला. खोटे औषध दिलेल्यांत हे प्रमाण १७ टक्के होते. ऑगस्ट १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली.

येथे एक इशारा आवश्यक आहे. शिट्टी ओळखली म्हणजे कोणत्याही रीतीने बंद करून चालते असे नाही. टीएनएफलाच अडवणारे एटानर्सेप्ट हे औषध संधिवातात चांगले चालते, पण २००१ च्या चाचणीत क्रोन्सवर त्याचा उपयोग झाला नाही. इंटरल्युकिन-१७ अडवणारे औषध क्रोन्सवर वापरून पाहिले, तर २०१२ मध्ये उलट निकाल आला. काही रुग्णांची प्रकृती अधिक बिघडली. कारण तीच शिट्टी आतड्याचे अस्तर राखण्याचेही काम करते. “माझ्या मेहुण्याला सांध्यांसाठी हे इंजेक्शन लागू पडले, तुम्हीही घ्या,” असे सांगणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

नंतर इतर शिट्ट्यांवरची औषधे आली. इंटरल्युकिन-१२ व २३ दोन्ही अडवणारे उस्टेकिनुमॅब क्रोन्ससाठी अमेरिकेत २०१६ मध्ये आणि फक्त २३ अडवणारे रिसान्किझुमॅब २०२२ मध्ये मंजूर झाले. शिट्टी न अडवता ती ऐकणाऱ्या पेशीच्या आतला निरोप अडवणाऱ्या गोळ्याही निघाल्या. त्यांतील टोफासिटिनिब २०१८ मध्ये कोलायटिससाठी मंजूर झाली.

भावाची गोष्ट

आता आपल्या धंद्याची भाषा. टीएनएफ अडवणाऱ्या औषधांत सर्वांत जास्त खपलेले नाव म्हणजे ॲबव्ही कंपनीचे ह्युमिरा, म्हणजेच अडालिमुमॅब. २०२२ या एका वर्षात त्याची जगातील विक्री २१ अब्ज डॉलरच्या वर होती. या कंपनीने अमेरिकेत मूळ पेटंटभोवती शंभरावर पेटंटांचे कुंपण घातले. परिणामी तेथे दुसऱ्या कंपनीचा तसाच माल दुकानात यायला जानेवारी २०२३ उजाडले.

आणि आपल्याकडे? अहमदाबादच्या झायडस कॅडिलाने डिसेंबर २०१४ मध्ये अडालिमुमॅबची आपली आवृत्ती बाजारात आणली. जगातली ती पहिली. किंमत ४० मिलिग्रॅमच्या एका कुपीला १०,६६५ रुपये, म्हणजे अमेरिकेतील भावाच्या सुमारे पाचवा हिस्सा. त्याच सुमारास इन्फ्लिक्सिमॅबची भारतीय विक्रीची आवृत्तीही आली. पुढे अडालिमुमॅबमध्ये आणखी भारतीय कंपन्या उतरल्या. अमेरिकन रुग्णाने जी वाट आठ वर्षे पाहिली, ती मुंबईच्या रुग्णाला पाहावी लागली नाही. आपल्या कारखानदारांचे हे काम अभिमान वाटण्याजोगे आहे.

परंतु व्यापाऱ्याने पाचव्या हिश्शावर खूश होऊन वही मिटू नये. आकडा मांडून पाहावा. या औषधाचा नेहमीचा क्रम असा: पहिल्या दिवशी चार मात्रा, दोन आठवड्यांनी दोन, मग दर दोन आठवड्यांनी एक. पहिल्या वर्षी सुमारे तीस कुप्या. २०१४ च्या त्या भावाने हे झाले ३ लाख १९ हजार ९५० रुपये. काउंटरवर उभ्या राहणाऱ्या मुलाचा वर्षाचा पगार त्या वेळी याच्या निम्माही नव्हता. नंतर चढाओढीने भाव पुष्कळ खाली आले, टोफासिटिनिबच्या देशी गोळ्या तर इंजेक्शनच्या मानाने अगदी थोड्या खर्चात मिळू लागल्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरील जीएसटीही १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. तरी स्वस्त गोळी सगळ्यांसाठी नाही. २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने टोफासिटिनिबबाबत हृदयविकार, रक्ताच्या गुठळ्या व कॅन्सर यांचा कडक इशारा दिला. बिडी-सिगारेट ओढणाऱ्या किंवा हृदयविकार असलेल्या माझ्या वयाच्या माणसाने ती डॉक्टरला न विचारता घेणे म्हणजे सेलचा माल अंधारात घेण्यासारखे आहे.

मुंबईचा पेच

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहायला घेतला तेथे येतो. टीएनएफची शिट्टी आतड्यात आग लावते हे पाहिले. पण तीच शिट्टी दुसरीकडे एक फार मोठे काम करीत असते. टीबीचा जंतू अनेकांच्या शरीरात असतो, पण रोग होत नाही. शरीर त्याला मारत नाही; पेशींचे कडे करून कोठडीत डांबून ठेवते. हे कडे अभंग राखण्याचे काम मुख्यतः टीएनएफ करते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत आपल्या देशातील पंधरा वर्षांवरील लोकांत असा संसर्ग सुमारे ३१ टक्के आढळला. दहा माणसांत तीन कोठड्या.

टीएनएफ अडवले की आतड्यातील आग विझते आणि कोठडीवरचा पहाराही उठतो. औषध मंजूर होऊन तीनेक वर्षे झाली तोच, २००१ मध्ये, इन्फ्लिक्सिमॅब घेतलेल्या ७० जणांना टीबी झाल्याचे प्रसिद्ध झाले. त्यांतील बहुतेक अशा देशांतले, जेथे टीबी तुरळक आहे. मग आपल्या शहराचे काय? मुंबई हे भरगच्च लोकलचे, दाटीच्या खोल्यांचे शहर. येथील हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उडवाडिया यांनी २०१२ च्या सुमारास, तेव्हा उपलब्ध असलेल्या एकाही औषधाला न जुमानणाऱ्या टीबीचे रुग्ण जगापुढे आणले. असा चोर कोठडीतून सुटला तर काय होईल, ते सांगायला नको.

त्यातही दुसरा पेच असा की, आतड्याचा टीबी आणि क्रोन्स हे जुळे भाऊ वाटावेत इतके सारखे दिसतात. जागा तीच, जखमा तशाच, वजन घटते तेही तसेच. चूक दोन्ही बाजूंनी महाग आहे. क्रोन्सला टीबी समजले तर महिने जातात आणि आतडे अरुंद होते. टीबीला क्रोन्स समजून टीएनएफ अडवले तर जिवावर बेतते. म्हणूनच आपल्याकडील डॉक्टर संशय असेल तर आधी टीबीचे औषध देतात आणि काही आठवड्यांनी दुर्बिणीने जखमा भरल्या का ते पाहतात. आमच्या मुलाला टीबीचे औषध देणाऱ्या डॉक्टरांना मी दोष देत नाही तो यामुळे. चूक झाली ती पुन्हा पाहण्यात. दोन-तीन महिन्यांत जे पाहायचे ते सहा महिन्यांनी पाहिले गेले. आणि दुर्बिणीसाठी रजा मागायला तो माझ्याकडे येण्यास कचरत होता, हेही त्या उशिराचे एक कारण होते.

तेव्हा नियम साधा आहे. असले औषध सुरू करण्यापूर्वी छातीचा फोटो, हातावर टोचून करायची मांटू चाचणी किंवा रक्ताची इग्रा चाचणी आणि घरात कोणाला टीबी झाला होता का याची खरी माहिती, एवढे झालेच पाहिजे. दडलेला संसर्ग आढळला तर त्यावरचे औषध आधी सुरू करतात आणि सामान्यतः महिनाभर थांबून मग टीएनएफ अडवतात. टोफासिटिनिबच्या गोळ्यांनाही ही तपासणी चुकत नाही. आणि तपासणी निर्दोष आली म्हणून निर्धास्त होऊ नये. या शहरात नवा संसर्ग उद्या लोकलमध्येही होऊ शकतो. खोकला, संध्याकाळचा ताप, उतरते वजन दिसले की त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जावे. घरात कोणाला टीबी झाला असेल तर लाजेने लपवणारी कुटुंबे आहेत. लग्न जुळताना लपवतात, तसे डॉक्टरपुढेही लपवतात. येथे ती लाज प्राणघातक आहे.

चुकलेली तारीख

आता माझी चूक सांगतो. आमच्या मुलाला दर आठ आठवड्यांनी सलाइनमधून औषध घ्यायचे होते. त्यात अर्धा दिवस जाई. पहिल्या चार-पाच वेळा सर्व ठीक झाले. वजन भरले, चेहऱ्यावर तेज आले, दिवसभर काउंटरवर तो सहज उभा राहू लागला. मग मे महिना आला. त्याने रजा मागितली. मी म्हणालो, “आता बरा आहेस ना? सीझन जाऊ दे, पंधरा दिवसांनी काय बिघडते?” पंधरा दिवसांचे पाच आठवडे झाले. पुढच्या वेळी तो स्वतःच थांबला. औषधाचे पैसे बहिणीच्या लग्नात लागले आणि तब्येत तर बरी होती.

ही औषधे म्हणजे शेवटी परक्या प्रथिनेच असतात. ती ठरल्या तारखेला येत राहिली तर शरीर त्यांना सहसा सामावून घेते. मध्येच खंड पडला आणि पुन्हा दिली तर शरीर त्यांनाच चोर समजून त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवण्याची शक्यता वाढते. मग औषध आत जाते आणि काम न करता नाश पावते. कधी सलाइन चालू असताना अंगावर पुरळ, धाप, थंडी भरते. आमच्या मुलाचे तसेच झाले. रोग उलटला, रक्ततपासणीत औषधाविरुद्धच्या अँटिबॉडी निघाल्या, आणि शेवटी अरुंद झालेला आतड्याचा भाग कापून काढावा लागला. मी डॉक्टरांना विचारले, “हे त्या उशिरामुळे झाले का?” ते म्हणाले, “खंड हे एक कारण असू शकते. खात्रीने कोणी सांगणार नाही.” त्यांनी मला सोडवले. मी स्वतःला सोडवलेले नाही. त्या मे महिन्यात काउंटरवर किती विक्री झाली हे आज मला आठवत नाही.

मालकांनी काय करावे?

उपदेश करण्याचा मला अधिकार नाही; ठोकर खाल्लेला माणूस म्हणून सांगतो.

औषधाच्या तारखेची रजा पगारी द्यावी आणि ती मालकाने स्वतः कॅलेंडरवर लिहून ठेवावी. जीएसटी रिटर्नची तारीख आपण विसरत नाही, तशी.

पोटाच्या रोग्याला काउंटर सोडून जाण्याची परवानगी मागायला लावू नये. आपल्या मार्केटांत संडास एक मजला खाली आणि किल्ली दुसऱ्याकडे, अशी स्थिती असते. एक किल्ली त्याच्याकडे द्यावी. हे काम फुकट होते.

कर्मचारी विमा योजनेच्या कक्षेत येणाऱ्या पेढ्यांनी नोंदणी टाळू नये. २१ हजारांपर्यंत मासिक वेतन असलेल्या कामगारासाठी मालकाचा वाटा सव्वातीन टक्के आणि कामगाराचा पाऊण टक्का आहे. उपनगरांत मुलुंड आणि कांदिवली येथे या योजनेची रुग्णालये आहेत. जे कक्षेत येत नाहीत त्यांनी मुलांना आरोग्य विमा घेऊन द्यावा. वैयक्तिक विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये उठला आहे. विमा रोग होण्याआधी घ्यायचा असतो. आधीपासूनच्या आजारासाठी कंपनी तीन वर्षांपर्यंत थांबवू शकते. अँटिबॉडीची इंजेक्शने नव्या उपचारपद्धतींच्या यादीत २०१९ पासून आहेत, पण कंपनी त्यावर रकमेची मर्यादा घालू शकते. ती ओळ सही करण्यापूर्वी वाचावी.

खरेदीत आपण तज्ज्ञ आहोत. ते कसब येथे वापरावे. एकाच औषधाच्या दोन-तीन कंपन्यांचे भाव डॉक्टरांच्या संमतीने विचारावेत. छापील किंमत आणि प्रत्यक्ष मिळणारा भाव यांत फरक असतो. पण परवान्याचे दुकान, बॅच नंबरसह पक्के बिल आणि थंड साखळी यांत तडजोड नको. हे औषध दोन ते आठ अंश तापमानात राहिले पाहिजे. दादरहून मुलुंडला दुपारच्या लोकलने नुसत्या पिशवीतून आणलेले इंजेक्शन, किंवा बर्फाच्या कप्प्यात गोठवलेले इंजेक्शन, कितीही स्वस्त मिळाले तरी पाण्यात गेले.

आमचा मुलगा आज दुकानात आहे. काउंटरवर नाही, बिलिंगला बसतो; दुसऱ्या शिट्टीवरचे औषध घेतो आणि बरा आहे. त्याच्या आईच्या त्या प्रश्नाचे उत्तर आता मला देता येते. हे टीबीपेक्षा वाईट नाही, चांगलेही नाही. टीबीचे औषध एक दिवस संपते, याचे बहुधा वर्षानुवर्षे चालते. म्हणून रोग्याला औषधाइतकीच गरज आहे ती अशा माणसांची, जी दर आठव्या आठवड्याला म्हणतील, “जा, दुकान मी बघतो.”

त्या दिवशी “शेठ, रक्त पडते” हे वाक्य मी ऐकून न ऐकल्यासारखे केले. आपल्या काउंटरवर कोणी तेच म्हणत असेल, तर वही बाजूला ठेवा आणि त्याला बसायला खुर्ची द्या.